घोणस, आप्पांचा पाय आणि हूप स्ट्रेस

मॅगझिनच्या मराठी विभागात कविता ढीगभर येतात आणि तांत्रिक लेख सगळे इंग्रजी विभागाकडे जातात, अशी आमच्या संपादक मित्राची कायमची तक्रार. त्याला म्हटलं, मी एक लेख देतो, पण त्यात रोबोट नाही, साप आहे. तो म्हणाला, "चालेल, पण थोडं तरी इंजिनिअरिंग घाल." घालायची गरज नाही, ते आधीच त्यात आहे. मलाच ते कळायला दोन सेमिस्टर लागली.

माझं गाव निरगुडसर, तालुका आंबेगाव. डिंभे धरणाचं पाणी आलं, पारगावला भीमाशंकर साखर कारखाना झाला, तसा आमच्या भागात ऊस वाढला. उसाबरोबर बिबट्या आला, हे पेपरवाल्यांमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं आहे. पण ऊस, कांद्याच्या चाळी, चाऱ्याच्या गंजी म्हटलं की उंदीर आले आणि उंदरांमागे साप आले. त्याची बातमी सहसा होत नाही. बिबट्या गावात आला की वनखात्याचा पिंजरा येतो. सापाला पिंजरा कुठे लावणार?

२०२१ चा जून. माझी अकरावी संपली होती, कॉलेज मोबाईलवरच चालू होतं. पाऊस लांबला होता आणि त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची होती. माझे चुलते, म्हणजे आप्पा, जेवण करून उसाची दारं धरायला गेले. पायात काही नव्हतं, कारण चिखलात चप्पल रुतते. बॅटरी होती, पण ती फावड्याच्या दांड्याला टेकवून ठेवलेली. साडेअकराच्या सुमारास त्यांनी हाक मारली. उजव्या पावलावर, घोट्याच्या जरा खाली, दोन टोचे होते. साप तिथेच बांधाला वेटोळं करून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कारत होता. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके. घोणस.

मी धावत गोठ्यात गेलो, म्हशीचं दावं सोडलं आणि आप्पांच्या पोटरीच्या वर जितकं जोरात आवळता येईल तितकं आवळलं. वर मांडीला दुसरी दोरी. मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, सगळ्यांनीच सांगितलेलं होतं. सिनेमात तसंच करतात, आजी तसंच म्हणायची, आणि आमच्या घरातल्या एका जुन्या प्रथमोपचाराच्या पुस्तकात तसं चित्रसुद्धा होतं. मग घरातल्या कोणीतरी म्हणालं, आधी उतारा देणाऱ्याकडे नेऊ, जवळच आहे. तिथे पाऊण तास गेला. दवाखान्यात पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झाला होता आणि दावं मांसात रुतलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कोणी बांधलं?"

"मी."

ते रागावले नाहीत. आधी सलाईन आणि लस चालू केली, मग दोरी हळूहळू सैल केली. एकदम सोडली असती तर अडकलेलं विष एकाच वेळी अंगात गेलं असतं, हे मला नंतर समजलं. मग त्यांनी एका कोरड्या काचेच्या नळीत आप्पांचं दोन मिली रक्त घेतलं, स्टँडवर ठेवलं आणि घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी त्यांनी ती आडवी केली. एव्हाना रक्ताची जेलीसारखी गुठळी व्हायला हवी होती. ते पाण्यासारखं वाहिलं.

या चाचणीला 'ट्वेंटी मिनिट होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट' म्हणतात. भारी मशीन लागत नाही, वीज लागत नाही. नळी मात्र काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागाला लागल्यावर रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठणार नाही आणि चाचणी फसेल. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी नोंद घ्यावी: एका खेडेगावातल्या दवाखान्यात सर्वांत भरवशाचं सेन्सर म्हणजे कोरी काचेची नळी.

रक्त गोठत का नव्हतं, तर घोणसीचं विष रक्त 'पातळ' करतं असं आपण म्हणतो, पण खरा प्रकार उलटा आहे. त्या विषात रक्त गोठवणाऱ्या घटकांना चालू करणारी एन्झाइम्स असतात. शरीरभर बारीक बारीक गुठळ्या बनू लागतात आणि त्यात फायब्रिनोजेन नावाचा कच्चा माल संपून जातो. कारखाना रात्रभर विनाकारण चालला, सकाळी खऱ्या ऑर्डरच्या वेळी गोदाम रिकामं, असा प्रकार. हाच गुण ओळखून १९३४ मध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी घोणसीचं अगदी विरळ केलेलं विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवर रक्त थांबवायला वापरून पाहिलं होतं. आजही रक्ताच्या एका चाचणीत हे विष वापरलं जातं. असो.

आप्पा वाचले. तीन वेळा डायलिसिस झालं, कारण घोणस मूत्रपिंडावर घाला घालते. दहाव्या दिवशी त्यांच्या रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. आणि त्याच दिवशी पुण्याच्या सर्जननी सांगितलं की पावलावरची कातडी आणि खालचं मांस मेलेलं आहे, ते काढावं लागेल. दोन बोटं गेली. मांडीची कातडी काढून पावलावर लावली.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच प्रश्न होता, की लस दिली, रक्त सुधारलं, माणूस वाचला, मग पायच का नाही वाचला? आणि त्यात माझ्या दाव्याचा वाटा किती?

पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर साध्या गणितात आहे. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालते. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून ती बनवतात. तिच्या एका मिलीने घोणसीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी होतं. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. एक व्हायल दहा मिलीची. म्हणजे दहा व्हायलमध्ये शंभर मिली, त्याने निकामी होणार साठ मिलिग्रॅम. सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल का देतात, याचा हिशोब हा असा आहे. त्यात मोठा-छोटा माणूस असा फरक नाही, लहान मुलालाही तेवढीच लस लागते, कारण साप समोरच्याचं वजन बघून चावत नाही.

पण हे गणित रक्तात फिरणाऱ्या विषाचं झालं. चावलेल्या जागेचं काय? तिथे विष इंजेक्शनसारखं आत सोडलेलं असतं. घोणसीचे दात दीड सेंटीमीटरपर्यंत लांब असतात. विषात हायलुरोनिडेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते पेशींच्या मधला चिकट गिलावा पातळ करतं आणि बाकीच्या विषाला वाट करून देतं. मग दोन मुख्य कामकरी पुढे येतात. एक फॉस्फोलायपेज ए-टू. ते स्नायूच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, स्नायूचा तंतू आखडतो आणि मरतो. दुसरं मेटॅलोप्रोटिनेज, म्हणजे ज्याच्या पात्याच्या जागी जस्ताचा एक अणू बसवलेला आहे अशी प्रोटीन कापणारी कात्री. ही कात्री केशवाहिन्यांना, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना लागते.

इथून पुढचा भाग मी दुसऱ्या वर्षाला असताना लायब्ररीतल्या इंटरनेटवर वाचला आणि खुर्चीतून उठलोच. कारण त्यात 'हूप स्ट्रेस' हा शब्द होता.

कोस्टारिकात क्लोदोमिरो पिकादो नावाची संस्था आहे. तिथले होझे मारिया गुतिएरेझ आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं याच प्रश्नामागे आहेत. त्यांना एक विसंगती दिसली होती. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांवर हे एन्झाइम टाकलं, तर पेशींना काही तास फारसं होत नाही. पण तेच एन्झाइम जिवंत उंदराच्या स्नायूत टोचलं तर काही मिनिटांत रक्तस्राव सुरू होतो. मग पेशी मारतं कोण? २००६ साली त्यांनी एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांच्याकडच्या एका विषारी सापाचं एन्झाइम त्यांनी वापरलं. जिवंत उंदराच्या स्नायूत, जिथे रक्त वाहत होतं, केशवाहिन्या पटापट फुटल्या. शरीराबाहेर काढलेल्या स्नायूत, जिथे रक्त वाहत नव्हतं, तेच एन्झाइम असूनही त्या तशा फुटल्या नाहीत.

म्हणजे काम दोन टप्प्यांत होतं. केशवाहिनीच्या पेशींना बाहेरून एक पातळ जाळीदार अस्तर असतं, त्याला बेसमेंट मेंब्रेन म्हणतात. त्याची मजबुती मुख्यतः चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनमुळे असते. एन्झाइम हे कोलॅजेन जागोजागी कापतं. हा पहिला टप्पा. मग आतल्या रक्ताचा दाब त्या कमकुवत झालेल्या नळीला फुगवतो, पेशी ताणल्या जातात, पातळ होतात आणि फुटतात. हा दुसरा टप्पा. नळी कमकुवत करतं विष, पण फोडतो आपलाच दाब.

मेकॅनिकलवाल्यांनो, ही थिन सिलिंडरची केस आहे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरला दर वर्षी येते ती. हूप स्ट्रेस म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. केशवाहिनीत सुरुवातीला दाब साधारण ३० मिमी पारा, म्हणजे सुमारे ४ किलोपास्कल. हा काही फार नाही, चाळीस सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका. त्रिज्या ४ मायक्रॉन धरा. सगळा भार ०.१ मायक्रॉन जाडीचं अस्तर पेलतं असं धरा. ताण आला १६० किलोपास्कल, वातावरणाच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त. रबराहून मऊ अशा वस्तूला तो कमी नाही. आता एन्झाइमने अस्तराची कामाची जाडी निम्मी केली की ताण होतो ३२० किलोपास्कल. (हा हिशोब मी आमच्या सरांना दाखवला. सर म्हणाले, "अझम्प्शन्स लिही." लिहितो: आजूबाजूचं मांस केशवाहिनीला आधार देतं, तो मी सोडून दिला आहे, आणि अस्तर सगळीकडे सारखं झिजत नाही. पण समीकरणाची दिशा बदलत नाही.)

आता दावं. विष वर चढू नये म्हणून बांधायचं, हा त्यामागचा विचार. पण हाताने आवळलेली दोरी नक्की काय बंद करते? पायातून रक्त परत वर नेणाऱ्या शिरांमधला दाब फार कमी असतो, त्या सहज चेपल्या जातात. पायात रक्त आणणाऱ्या धमनीतला दाब १२० मिमीच्या घरात असतो आणि ती खोल मांसात असते. साधारण दोरीने ती बंद होत नाही. म्हणजे टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद आणि पंप चालू. मधल्या केशवाहिन्यांतला दाब वाढत जातो. वरच्या समीकरणात जाडी विषाने कमी केली आणि दाब मी वाढवला. दाब दुप्पट झाला तर ३२० चे झाले ६४०.

बरं, एखाद्याने इतकं आवळलं की धमनीही बंद झाली, तर? मग रक्ताविना खालचं मांस उपाशी मरतं. शिवाय दोन्ही प्रकारांत विष जिथल्या तिथे कोंडलेलं राहतं आणि त्याला कात्री चालवायला भरपूर वेळ मिळतो. आप्पांच्या पायाला तो सव्वादोन तास मिळाला. पाय नुसत्या माझ्या दाव्यामुळे गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. घोणस पुरेशी होती, असं ते म्हणाले. पण दाव्याने मदत केली नाही, एवढं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

आणि मांस पुन्हा का भरलं नाही? स्नायूला स्वतःची दुरुस्ती करता येते. प्रत्येक तंतूच्या कडेला राखीव पेशी झोपलेल्या असतात. तंतू मेला की त्या जाग्या होतात आणि नवा तंतू बांधतात. पण त्यासाठी दोन गोष्टी शाबूत लागतात, तंतूभोवतीचं अस्तर, म्हणजे सेंट्रिंग म्हणा, आणि माल पोचवणारा रक्तपुरवठा. घोणसीच्या विषाने दोन्ही जातात. मग स्नायूच्या जागी नुसता चिवट धागेदार वण भरतो. तो आखडतो, काम करत नाही.

लस इथे का कमी पडते, तेही सांगतो. लसीतला कामाचा तुकडा सुमारे एक लाख दहा हजार डाल्टन वजनाचा, म्हणजे रेणूंच्या जगातला ट्रक. तो रक्तात सोडला तर रक्तातलं विष चांगलं पकडतो. पण पावलातल्या मांसात पोचायचा रस्ता म्हणजे त्याच फुटलेल्या, तुंबलेल्या केशवाहिन्या. ट्रक पोचेपर्यंत कात्रीचं काम बरंचसं उरकलेलं असतं. मेलेल्या मांसाला कोणतीच लस जिवंत करत नाही. म्हणून लस 'उद्या सकाळी' आणि लस 'आत्ता' यांत जगण्या-मरण्याचा फरक तर आहेच, पण पाय राहण्या-न राहण्याचाही आहे.

यावर उपाय शोधणाऱ्यांनी एक वेगळी वाट धरली आहे, ती मला फार आवडली. ट्रक जात नसेल तर सायकल पाठवा. मारिमास्टॅट नावाचं औषध कॅन्सरसाठी बनवलेलं होतं, तिथे ते चाललं नाही. पण ते जस्ताला घट्ट धरतं, म्हणजे कात्रीच्या पात्यालाच पकडतं. व्हारेस्प्लाडिब हे हृदयविकारासाठी तपासलेलं औषध, तेही त्या कामात नापास झालं. पण ते फॉस्फोलायपेजला अडवतं, आणि २०१६ साली मॅथ्यू लेविन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सापांच्या विषातल्या या एन्झाइमविरुद्धही ते प्रभावी आहे. दोन्हींचं वजन चारशे डाल्टनच्या आत, म्हणजे लसीच्या तुकड्याच्या तीनशेव्या हिश्शाच्या आसपास. गोळी म्हणून देता येतील अशी ही औषधं. शेताच्या बांधावरच एक गोळी घ्यायची आणि मग दवाखान्याचा रस्ता धरायचा, ही कल्पना.

व्हारेस्प्लाडिबची माणसांवरची चाचणी भारतात आणि अमेरिकेत झाली, निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळे रुग्ण एकत्र धरले तर ठरवलेल्या मुख्य निकषावर औषध पास झालं नाही. पण ज्यांना दंशानंतर पाच तासांच्या आत ते मिळालं, त्यांच्यात फायद्याची चिन्हं दिसली. पुन्हा तीच वेळेची गोष्ट. २०२४ मध्येच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या थुंकणाऱ्या नागांच्या विषाने उंदरांचं मांस सडतं, ते हेपरिन जातीच्या औषधांनी कमी झालं. हेपरिन म्हणजे रक्त गोठू नये म्हणून दवाखान्यात रोज वापरलं जाणारं औषध. पण ते नागांपुरतं, आणि उंदरांपुरतं. घोणस चावलेल्या माणसाला घरच्या घरी रक्त पातळ करणारं काही देऊ नका, आप्पांची काचेची नळी आठवा.

या सगळ्यात मला आजीला अडाणी म्हणायचं होतं, ते राहून गेलं. कारण दोरी बांधण्याचा सल्ला नुसता खेड्यातला नाही. कलकत्त्यातले इंग्रज डॉक्टर जोसेफ फेरर यांनी कुत्र्या-कोंबड्यांवर सापांच्या विषाचे शेकडो प्रयोग केले आणि १८७२ मध्ये भारतातल्या विषारी सापांवर मोठा ग्रंथ काढला. त्या काळी सांगितली जाणारी औषधं त्यांनी तपासली, एकही खरं उतरलं नाही. मग हातात काय उरलं, तर आवळून बांधा, कापा, डागा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक छोटं पातं निघालं, ज्याच्या डबीत पोटॅशियम परमँगनेटचे खडे असत. जखम कापायची आणि त्यात खडे चोळायचे. परमँगनेट बशीतल्या विषाला निकामी करतं, हे खरं. पण मांसात चोळल्यावर ते आधी मांसच जाळतं. डॉक्टरांनी हे सोडून दिलं, पण तोवर ते पुस्तकांत छापलं गेलं होतं, पुस्तकांतून शाळेत, शाळेतून आजीपर्यंत. दोरी अशी आमच्या गोठ्यात पोचली.

दोरी नको तर ऑस्ट्रेलियातल्यासारखं क्रेप बँडेज चालेल का, असं मला एका मित्राने विचारलं. तिथे १९७९ पासून पूर्ण हातापायाला सारख्या दाबाने पट्टी गुंडाळतात. पण ते मुख्यतः नसांवर परिणाम करणाऱ्या विषासाठी. घोणस आणि फुरशासारख्या, मांस सडवणाऱ्या विषाला ते एका जागी कोंडणं म्हणजे आणखी एक सुधारलेलं दावं. आपल्या देशातल्या मार्गदर्शक सूचना साध्या आहेत. माणसाला धीर द्या, हातपाय मोडल्यावर ठेवतो तसा तो भाग फळी लावून हलू देऊ नका, चालवू नका, अंगठी-पैंजण-कडदोरा काढा आणि लस असलेल्या दवाखान्यात न्या. कापणं, चोखणं, बर्फ लावणं काही नाही. सापाला मारून बरोबर न्यायचीही गरज नाही, लस चौघांची एकच आहे. आणि मण्यारीच्या बाबतीत तर सूजही येत नाही, दुखतही नाही. माणूस पोट दुखतंय म्हणत पहाटे डोळे मिटायला लागतो. तिथे पाय वाचतो, श्वास थांबतो.

सूज फार आली की नातेवाईक म्हणतात, कापून मोकळं करा. आमच्याकडेही म्हणाले. पायाच्या पोटरीत स्नायूंचे चार कप्पे असतात, प्रत्येकाभोवती न ताणणारं घट्ट आवरण. आत दाब वाढला तर रक्तपुरवठा थांबतो आणि आवरण उभं कापावं लागतं, हे खरं आहे. पण सापाच्या सुजेत बहुतेक वेळा पाणी कातडीखाली असतं, कप्प्यात नसतं. बाहेरून मात्र सारखंच दिसतं. म्हणून डॉक्टर सुईने कप्प्यातला दाब मोजतात, तो ४० मिमीच्या वर असेल तरच विचार करतात. आणि रक्त गोठत नसताना कापलं तर ते थांबवायचं कसं? आप्पांचं नाही कापलं, तेच बरोबर होतं.

विषाने इजा करण्याची आणखी एक तऱ्हा असते, ती महाराष्ट्राला चांगली माहीत असायला हवी. कोकणातला लाल विंचू मांस सडवत नाही. त्याचं विष शरीराच्या स्वतःच्या नसांमधून इतकं ॲड्रेनालिन जातीचं रसायन सोडायला लावतं की रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून हे ओळखलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरली. ती त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते. लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हेही दाबाचंच गणित आहे, फक्त तिथे व्हॉल्व्ह उघडता आला.

आपल्या भागाकडे परत येतो. निरगुडसरपासून फार लांब नाही, जुन्नर तालुक्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत हे दांपत्य बऱ्याच वर्षांपासून सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करतं आणि शाळा-गावांत जाऊन बोलतं. अशा व्याख्यानात मी २०२१ च्या आधी बसलो असतो तर दावं म्हशीच्याच गळ्यात राहिलं असतं.

आकडे एकदाच देतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. आणि तीच संघटना सांगते की जगात जितके मरतात त्याच्या सुमारे तिप्पट लोकांचा हात किंवा पाय जातो किंवा कायमचं अपंगत्व येतं. आप्पा त्या तिप्पटीतले. मरणाऱ्यांच्या आकड्यात ते कुठेच नाहीत.

आता इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी. साप बहुतेक वेळा पायाला चावतो, आणि घोणस रात्री हिंडते. शेतकऱ्याने अनवाणी, अंधारात, चिखलात का उभं राहायचं? कारण लाईट रात्री आहे. म्हणजे फीडरचं वेळापत्रक हाही सर्पदंशाच्या कारणांतला एक भाग आहे. राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. शेतीचे फीडर सौरऊर्जेवर चालवून दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. त्यावरच्या चर्चेत नेहमी अनुदान, युनिटचा दर, मेगावॅट हे शब्द येतात. पाय हा शब्द मी त्यात अजून ऐकला नाही. कोणाला फायनल इयरचा प्रोजेक्ट हवा असेल तर सांगतो: आपल्या तालुक्यातल्या फीडरच्या रात्रीच्या पाळ्या आणि दवाखान्यांतल्या सर्पदंशाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघा. मी ठेवणार होतो, पण माझा प्रोजेक्ट गाईडने आधीच ठरवून दिला होता.

आप्पा अजून दारं धरायला जातात. उजव्या पायाला पुढे जोर येत नाही, म्हणून फावडं डाव्या बाजूला धरतात. मी स्टायपेंडच्या पैशातून त्यांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि डोक्याला लावायची बॅटरी आणली. गमबूट चिखलात जड होतात, अशी त्यांची तक्रार आहे, पण घालतात. गेल्या दिवाळीत मी त्यांना कागदावर नळी काढून हूप स्ट्रेस समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग पाइपलाइन फुटते तेव्हा पण हेच होतं का?"

म्हटलं, हो आप्पा, हेच.

"मग तेव्हा आपण आधी मोटर बंद करतो. वर दोरी नाही बांधत."